लिननचं सूत घरी कातायचं, तर आधी जवसाच्या काडीतला डिंक ओळखा

कापूस टकळीवर किंवा चरख्यावर कातता येणारी माणसं जवसाचा तंतू पहिल्यांदा हातात घेतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार सारखीच असते. सूत निघतं, पण ते केसाळ निघतं, ताठ निघतं आणि कसलीही चाहूल न देता तटकन तुटतं. त्यावरून समज असा होतो की लिनन कातणं हे पिढीजात कारागिराचं काम, आपल्या हाताला ते जमायचं नाही. मला हा समज साफ चुकीचा वाटतो. ज्याला कापूस कातता येतो त्याच्या हातात लागेल तेवढं कसब आधीच असतं. अडतं ते एका गोष्टीच्या माहितीपायी. कापूस कातताना जिचा विचारही करावा लागत नाही, अशी एक गोष्ट जवसात बांधावरच्या काडीपासून धुतलेल्या सुतापर्यंत सोबत असते. ती म्हणजे काडीतला नैसर्गिक डिंक.

तो कुठे असतो, कधी काढायचा, कधी राखायचा आणि कधी भिजवायचा, एवढं समजलं की लिननच्या कामातल्या सगळ्या विचित्र वाटणाऱ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो.

काडीत तंतू नेमका कुठे असतो?

लिनन होतं ते जवसापासून, म्हणजेच अळशीपासून. शास्त्रीय नाव लायनम युसिटॅटिसिमम. बहुतेकांना त्याचं चपटं, तपकिरी, चकचकीत बी माहीत असतं. धागा मात्र बियात नसून खोडात असतो. कापसाचा तंतू बोंड फुटलं की मोकळा होऊन समोर येतो. जवसाचा तंतू खोडाच्या सालीत, मुळापासून शेंड्यापर्यंत, उभा दडलेला असतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीची काडी मीटरभर उंच वाढते आणि वाऱ्यात वाकली तरी मोडत नाही, ती याच तंतूंच्या जोरावर.

काडी आडवी कापून भिंगाखाली धरली, तर बाहेर पातळ त्वचा दिसते, तिच्या आत साल, मग लाकडाचं कडं आणि मधोमध पोकळी. सालीमध्ये तंतूंचे २० ते ४० जुडगे गोलाकार मांडलेले असतात. एकेका जुडग्यात १० ते ४० तंतू. प्रत्येक तंतू ही एकच लांबट पेशी असते, साधारण २ ते ४ सेंटिमीटर लांबीची आणि जेमतेम २० मायक्रॉन जाडीची. या पेशी एकमेकींवर थोड्या थोड्या चढून, एकमेकींना चिकटून, हातभर लांबीची दोरी तयार करतात. त्यांना चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. पुढे मी त्याला डिंकच म्हणेन. सालीतून निघणाऱ्या लांब तंतूंच्या दोरीला वाख हा शब्द आपल्याकडे आहेच, तोच वापरू.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. कातताना बोटांत येतो तो वाख म्हणजे सुटा तंतू नसतो, तर डिंकाने जोडलेल्या अनेक आखूड तंतूंची पट्टी असते. डिंक जुडग्यांना लाकडाशीही चिकटवतो आणि जुडग्यातल्या तंतूंना एकमेकांशीही. पहिला डिंक घालवायचा, दुसरा राखायचा. सुदैवाने दुसरा जरा चिवट असतो, उशिरा सुटतो. या दोहोंमधल्या छोट्याशा फटीत लिननचा सगळा उद्योग उभा आहे.

कोणतं जवस आणि ते कधी उपटायचं?

बियासाठी घेतात ते जवस बुटकं असतं आणि त्याला फांद्या बऱ्याच फुटतात. जिथे फांदी फुटते तिथे वाखाची सलगता तुटते. म्हणून धाग्याचे वाण वेगळे असतात. ते ८० सेंटिमीटरपासून सव्वा मीटरपर्यंत सरळ वाढतात आणि शेंड्यालाच काय त्या थोड्या फांद्या धरतात. शिवाय बी दाट पेरतात, चौरस मीटरला दीड-दोन हजार रोपं येतील इतकं. गर्दीत वाढलेलं रोप उजेडासाठी उंच जातं, बारीक राहतं, आणि बारीक काडीचा वाखही तलम निघतो.

बियाच्या वाणातून सूत निघतच नाही असं मात्र नाही. निघतं, पण आखूड आणि भरड. हात बसवायला तेही चालतं.

पेरणीपासून साधारण १०० दिवसांत काढणी येते. फुलं निळी, प्रत्येकाचं आयुष्य एका सकाळचं. फुलोरा संपून महिनाभर झाला, काडीचा खालचा भाग पिवळा पडला, बोंडं तपकिरी व्हायला लागली, की रोप मुळासकट उपटायचं. विळ्याने कापायचं नाही, कारण वाख थेट मुळापर्यंत गेलेला असतो आणि कापलं की तेवढी लांबी वाया जाते. बिया पिकेपर्यंत थांबण्याचा मोह होतो. तो टाळावा. जितका उशीर, तितका वाख राठ होत जातो.

उपटलेल्या जुड्या मुळं एका बाजूला ठेवूनच बांधायच्या आणि शेवटपर्यंत ही दिशा बिघडू द्यायची नाही. उलटसुलट झालेल्या काड्यांचा वाख विंचरताना फार वाया जातो.

कुजवणं आणि सडवणं यांत काय फरक?

वाळलेल्या काड्यांची बोंडं झोडून काढली, की डिंकाशी पहिला सामना होतो. वाखाला लाकडापासून सोडवायचं काम सूक्ष्मजीव करतात. या पायरीला कुजवणं म्हणतात. ताग आणि अंबाडीच्या बाबतीतही हाच शब्द चालतो.

याचे दोन रस्ते आहेत. एक पाण्याचा. जुड्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. हवेशिवाय जगणारे जिवाणू डिंक खातात आणि पाणी कोमट असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत काम होतं. वाख फिक्या, सोनेरी रंगाचा निघतो. वास मात्र असह्य असतो. दुसरा रस्ता दवाचा. काड्या गवतावर पातळ पसरायच्या, रोज रात्रीच्या दवावर बुरशी वाढते आणि ती डिंक सोडवते. याला तीन ते सहा आठवडे लागतात, काड्या मधूनमधून उलटाव्या लागतात, आणि वाख करडा, रुपेरी होतो. हवा कोरडी असेल तर दवाच्या जागी पाण्याचा शिडकावा करावा लागतो.

बेल्जियममधल्या कोर्टराइक शहराजवळून वाहणाऱ्या लाय नदीत जवस कुजवण्याचा मोठा उद्योग होता. तिथला वाख जगात उत्तम मानला जाई आणि नदीला लोक सोनेरी नदी म्हणत. नदीच्या प्रदूषणामुळे विसाव्या शतकात तिथलं कुजवणं बंद झालं. कुजवलेल्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, त्यात मासे तगत नाहीत. म्हणून घरी पिंपात कुजवलं, तर ते पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. पातळ करून झाडांना घातलेलं चालतं. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये आज जे जवस पिकतं, त्याचं कुजवणं दवावरच होतं.

थांबायचं कधी, हाच खरा प्रश्न आहे, आणि दिवस मोजून त्याचं उत्तर मिळत नाही. पाणी, ऊन, काडीची जाडी, सगळ्यावर ते ठरतं. रोज चार-पाच काड्या काढून वाळवाव्यात आणि मधोमध मोडाव्यात. आतलं लाकूड कट् आवाज करून तुटलं, वाख अखंड राहिला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फितीसारखा सहज सोलला गेला, की काम झालं. वाखाला लाकडाचे तुकडे चिकटूनच राहिले तर आणखी एक-दोन दिवस. फीत न येता विस्कटलेले, आखूड, सहज तुटणारे तंतू हातात आले, तर वेळ टळली, कुजवणं संपून सडवणं सुरू झालं. आता जुडग्यातला डिंकही सुटायला लागला आहे. कमी कुजलेला वाख पुन्हा भिजत घालता येतो, जास्त कुजलेला परत आणता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा लवकर बाहेर काढावं, असं माझं मत आहे.

मोडणं, झटकणं, विंचरणं

कुजवून खडखडीत वाळवलेल्या काड्या आता मोडायच्या. लाकडी जबड्यासारखं एक साधन त्यासाठी असतं. घरी पाटावर लाकडी मोगरीने ठेचलं तरी थोड्या काड्यांचं काम होतं. लाकूड ठिसूळ असल्याने त्याचे तुकडे होतात, वाख लवचीक असल्याने टिकतो. मग जुडी उभ्या फळीवरून खाली सोडून लाकडी पात्याने घासत झटकायची, म्हणजे भुसकट गळून पडतं. शेवटी विंचरणं. फळीवर उभे बसवलेले पोलादी खिळे, आधी विरळ, नंतर दाट. जुडीचं एक टोक मुठीत घट्ट धरून दुसरं टोक खिळ्यांवर टाकायचं आणि ओढायचं. सुरुवात टोकाकडून, हळूहळू मुठीकडे. एक बाजू झाली की जुडी फिरवून दुसरी.

विंचरल्यावर दोन गोष्टी होतात. वाखाच्या रुंद पट्ट्या उभ्या चिरत जाऊन बारीक होतात आणि आखूड, तुटके तंतू फणीत अडकून राहतात. मुठीत उरतो तो लांब वाख, चमकदार आणि समांतर. फणीत उरतो तो आखूड वाख. दोन्हींचं सूत होतं. लांब वाखाचं गुळगुळीत, तलम आणि बळकट. आखडाचं भरड आणि गाठाळ, पोत्या-पिशव्यांना, जाड पुसण्यांना उत्तम. बरेच जण आखूड वाख टाकून देतात, ते करू नये. तो हाताने किंवा पिंजणीच्या ब्रशांवर मोकळा करून कापसासारखा कातता येतो.

या तिन्ही पायऱ्यांत बारीक धूळ उडते. जवसाच्या गिरण्यांत कामगारांना तिच्यामुळे दम्यासारखा फुप्फुसांचा आजार जडत असे. बिसिनोसिस त्याचं नाव. घरी थोडं काम असलं तरी ते उघड्यावर करावं आणि नाकातोंडावर मास्क लावावा.

वाख काठीवर बांधायचा तरी कशासाठी?

कापसाचा पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, एका हातात धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवता येतं. साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीचा वाख असा धरला तर मिनिटभरात त्याचा गुंता होतो, आणि वाखाचा गुंता सोडवणं म्हणजे त्याचा आखूड वाख करून टाकणं. म्हणून तो एका उभ्या काठीवर बांधतात. तिला डिस्टाफ म्हणतात.

बांधण्याची रीत सांगतो, कारण निम्मं यश तिच्यात आहे. लांब वाखाची एक मूठभर जुडी घ्या आणि तिच्या एका टोकाला नाडी घट्ट बांधा. ती नाडी कमरेभोवती बांधून मोठ्या टेबलापाशी बसा. मोकळं टोक टेबलावर पसरा. आता एका हाताने जुडी हलकेच एका कडेला धरा आणि दुसऱ्या हाताने तिच्यातून जाळीसारखा विरळ थर बाजूला निघू द्या. डावीकडून उजवीकडे पंख्याच्या आकारात एक थर, मग उजवीकडून डावीकडे त्याच्यावर दुसरा. असं करत जुडी संपेपर्यंत. प्रत्येक थरातले तंतू खालच्या थरातल्या तंतूंना तिरके छेदून जातात. पंखा पुरा झाला की कमरेची नाडी सोडा, बांधलेलं टोक काठीच्या माथ्याशी येईल असा तो काठीभोवती सैल गुंडाळा आणि वरून फीत आडवी-तिडवी घेऊन बांधा.

आता खालच्या कडेचे दोन-चार तंतू ओढले, की ते आपल्यासोबत शेजारच्यांना थोडं खाली आणतात आणि मग सुटतात. त्या तिरक्या छेदांमुळे वाख सलग उतरत राहतो, पण लोंढ्याने येत नाही. काठी नसेल तर जुडी कोरड्या टॉवेलमध्ये सैल गुंडाळून मांडीवर ठेवा आणि एका तोंडातून तंतू ओढा. सुरुवातीला हे पुरेसं असतं.

ओल्या बोटांचं रहस्य

लिनन कोरडंही कातता येतं. पण कोरड्या सुतावर बारीक टोकं सगळीकडे बाहेर येतात. पीळ पडला तरी ताठ तंतू वळायला तयार नसतात. सुरुवातीला सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी केसाळपणा आणि ताठपणा इथून येतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे पाण्याची वाटी.

जुन्या लिफाफ्याच्या पाकळीवर वाळलेला डिंक असतो. कोरडा असताना तो कशालाच चिकटत नाही. ओलं बोट फिरवलं की मऊ होतो, दाबलं की चिकटतो आणि वाळला की पक्का धरतो. वाखात उरलेला डिंक अगदी तसाच वागतो. पीळ पडत असतानाच तिथे ओलं बोट लागलं, तर डिंक मऊ होतो, ताठ पट्ट्या वळतात, बाहेर आलेली टोकं सुतात दबली जातात आणि वाळल्यावर तिथेच राहतात. कुजवताना जो डिंक राखला, तो इथे उपयोगी पडतो.

हातांची कामं वाटून घ्यायची. वरचा हात कोरडा. तो डिस्टाफजवळ राहतो आणि तंतू किती उतरायचे ते ठरवतो. खालच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ओली. ती दोन्ही हातांमधल्या तंतूंवर चिमटीने वर सरकत जातात आणि त्यांच्यामागून पीळ येऊ देतात. चिमूट सरकते तिथे सूत गोल आणि चकचकीत होताना डोळ्यांना दिसतं. पाणी फक्त तिथेच लागलं पाहिजे. वरच्या वाखाला ओल लागली तर तो जागच्या जागी चिकटतो आणि उतरायचाच थांबतो. त्यासाठी वाटी खालच्या हाताच्या बाजूला ठेवावी. बोटं निथळती नकोत, नुसती ओलसर हवीत.

पूर्वी युरोपात कातणाऱ्या बायका बोटांना थुंकी लावत. ती चालते, पण तासभर कातलं की तोंड कोरडं पडतं. साधं पाणी तितकंच काम करतं. त्याहून छान म्हणजे जवसाचंच बी थोड्या पाण्यात उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी. त्याने सूत विशेष गुळगुळीत होतं. ते रोज ताजं करावं, नाहीतर आंबतं.

ओली कताई आपल्या हाती आजकाल आलेली नाही. प्राचीन इजिप्तमध्ये आतल्या बाजूला कडी असलेली मातीची भांडी सापडली आहेत. त्यांत पाणी ठेवून जवसाचा धागा त्या कडीखालून ओढत. तिथे तर वाखाच्या पट्ट्या टोकाला टोक जोडून मग पिळण्याची पद्धत होती. तरखान इथे सापडलेला लिननचा अंगरखा इ. स. पू. ३४८२ ते ३१०२ या काळातला आहे, असं कार्बन-कालमापनातून निघालं. बाह्यांना चुण्या घातलेला तो अंगरखा आज लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे.

पीळ किती आणि कोणत्या दिशेने?

उरली तिसरी तक्रार, तटकन तुटण्याची. कापसाचं सूत तुटण्याआधी सहा-आठ टक्के ताणतं आणि हाताला तो ताण कळतो. लिनन फक्त दोन-तीन टक्के ताणतं. म्हणजे ते कमजोर आहे असं नव्हे. लिनन कापसापेक्षा बळकट असतं आणि ओलं झाल्यावर आणखी बळकट होतं. पण ते हाताला आधी सांगत नाही. म्हणून चरख्याची ओढ कमीत कमी ठेवायची, सूत चातीवर, म्हणजे ते गुंडाळलं जातं त्या सळईवर, जाताना झटका बसू द्यायचा नाही, आणि वेग सावकाश ठेवायचा.

तंतू लांब असल्याने पीळ कापसाला लागतो त्याहून कमी पुरतो. आखूड तंतू एकमेकांना धरून राहायला पीळ लागतो. हातभर लांब वाख थोड्या पिळातही सुटत नाही. कापूस कातणाऱ्यांचा हात इथे सवयीने जास्त पीळ घालतो आणि सूत तारेसारखं कडक होतं.

दिशेबद्दल वाद आहेत. ओला वाख वाळताना स्वतःच एका बाजूला किंचित वळतो. उभं धरलेलं सूत पाहिलं तर ते वळण वरून डावीकडून खाली उजवीकडे तिरपं उतरतं. याला एस-पीळ म्हणतात. इजिप्तचं जुनं सूत बहुतांशी याच दिशेचं आहे. युरोपात मात्र शतकानुशतकं उलट्या, झेड-पिळाचं लिनन कातलं गेलं आणि तेही उत्तम झालं. त्यामुळे शिकताना ज्या दिशेला हात सरावला आहे तीच धरावी, फक्त एका लडीत दिशा बदलू नये.

चरखा हवाच का?

नाही. टकळीवर लिनन चांगलं कातता येतं, आणि मानवी इतिहासात हजारो वर्षं लिनन चाकाशिवायच कातलं गेलं आहे. टकळी जरा वजनदार घ्यावी. वाखाला तिचा भार झेपतो. तिचा आणखी एक फायदा म्हणजे हवं तेव्हा थांबून बोटं ओली करता येतात. चरखा असेल तर पायाने चालणारा सोयीचा, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. हाताने फिरवायच्या चरख्यावर एक हात चाकाला जातो. त्यावर आखूड वाख कोरडा कातावा, तो छान होतो.

सूत झालं, पण हे तर काथ्यासारखं!

ताजं लिननचं सूत पाहून निराश होणारे पुष्कळ असतात. करडं, खरखरीत, वाळल्यावर ताठ. इथे डिंकाशी तिसरी आणि शेवटची गाठ पडते. कातताना ज्याचा उपयोग झाला, तो आता काढून टाकायचा.

सुताची लड करून चार ठिकाणी सैल बांधा. स्टीलच्या पातेल्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून त्यात ती मंद आचेवर तास-दोन तास उकळा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोड्याने ते खराब होतं. लड सतत पाण्याखाली राहू द्या. पाणी गडद तपकिरी होतं. ते ओतून नव्या पाण्यात पुन्हा उकळा, पाणी फिकं निघेपर्यंत. लोकर असल्या उकळीत नासून जाईल, पण लिनन म्हणजे बहुतांश सेल्युलोज, त्याला काही होत नाही. वजन घटतं, तो गेलेल्या डिंकाचा हिशेब. उकळून, खळबळून, हलका ताण देऊन वाळवलेली लड पहिल्यापेक्षा मऊ, फिकी आणि चकचकीत असते.

थोडा डिंक तरीही उरतो. लिननचं कापड नवं असताना कडक आणि वर्षानुवर्षं धुतल्यावर मऊ का होतं, याचं मुख्य कारण हेच. सुरकुत्यांचं कारण मात्र डिंकाच्या पलीकडे, तंतूच्या ताठ घडणीत आहे. त्या धुण्याने जात नाहीत.

यंत्रं असताना हाताने कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरात एक लक्षणीय गोष्ट आहे. कापूस कातणारी यंत्रं अठराव्या शतकात आली तरी लिननने यंत्रांना दाद दिली नाही. इंग्लंडमध्ये डार्लिंग्टनच्या जॉन केंड्र्यू आणि थॉमस पोर्टहाउस यांनी १७८७ मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं, पण त्यावर भरड सूतच निघे. १८१० मध्ये नेपोलियनने जवस कातणाऱ्या यंत्रासाठी दहा लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. फिलीप द जिरार यांनी त्याच वर्षी यंत्र केलं, त्यात वाख ओला करण्याची युक्ती होती. बक्षीस त्यांना मिळालं नाही. पुढे ते पोलंडला गेले आणि तिथल्या कापड उद्योगाच्या झिरार्दूव गावाला त्यांचं नाव मिळालं. १८२५ मध्ये इंग्लंडच्या जेम्स के यांनी वाख पाण्यात मुरवून कातण्याचं पेटंट घेतलं आणि मग तलम लिनन गिरण्यांत होऊ लागलं. मोठमोठ्या अभियंत्यांना इतका काळ जे कोडं पडलं होतं, त्याचं उत्तर घरोघर कातणाऱ्या बायकांच्या ओल्या बोटांत होतं. आजही गिरणीत तलम सुतासाठी वाख गरम पाण्याच्या हौदातून नेतात.

गिरणीशी वेगात बरोबरी करायची नसते. पण विणणाऱ्याला हव्या त्या जाडीचं, हव्या त्या पिळाचं, लांब वाखाचं सूत हाताने करता येतं. शिवाय बाजारात लिनन म्हणून येणाऱ्या काही कापडांत जवसाचे तंतू तोडून कापसाच्या लांबीचे केलेले असतात, म्हणजे ते कापसाच्या यंत्रांवर चालतात. त्या सुतात लांब वाखाची चमक आणि गुळगुळीतपणा उतरत नाही. दोन्ही सुतं शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

किती वाखाचं किती सूत?

पश्चिम युरोपातल्या चांगल्या शेतात चौरस मीटरला साधारण १०० ते १५० ग्रॅम लांब वाख निघतो. घरच्या वाफ्यात त्याहून कमीच धरावा.

लिननच्या सुताचा अंक ली या मापाने मोजतात. एका पौंडात ३०० यार्ड भरलं तर ते १ ली. अंक वाढेल तसं सूत बारीक. १० ली सूत नवशिक्याच्या आवाक्यात असतं आणि त्याचं १०० ग्रॅमला सुमारे ६०० मीटर भरतं. सेंटिमीटरला दहा उभे आणि दहा आडवे धागे घेतले, तर चौरस मीटर कापडाला २००० मीटर सूत लागतं, मागावरची तूट वेगळी. म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास सूत, आणि त्यासाठी तीन-चार चौरस मीटरचा वाफा अपुरा पडण्याचीच शक्यता जास्त. पण हातभर रुंदीचं पुसणं त्यात आरामात होतं.

शिकायचा क्रम मी उलटा सुचवेन. आधी विंचरून तयार केलेला लांब वाख विकत घ्यावा आणि कातायला शिकावं. चांगला वाख बोटांतून कसा उतरतो ते हाताला माहीत झालं, की मग वाफा करावा. कुजवण कधी थांबवायची हे ओळखण्यासाठी तीच जाण लागते. विकत घेताना जुडी उजेडात धरून बघावी. तंतू एका लांबीचे, समांतर आणि चमकदार हवेत, मधे काडीचे कण नकोत. टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवल्यावर ती कुठेही अडकली नाहीत, तर त्या जुडीवर शिकायला हरकत नाही.